खापरा, तुझी माती कुठली?



आजच्या गप्पा पांढरीपासून सुरू करू या. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची जागा. आपल्याकडच्या बऱ्याच गावांना ती असते. तिथली माती राखाडी आणि भुसभुशीत. एखादा जोराचा पाऊस पडून गेला की तिथं खापरांचे तुकडे उघडे पडतात. कधी काचेचा मणी सापडतो, कधी बांगडीचा तुकडा. शेळ्यांमागं गेलेल्या पोरी ते वेचतात. खापराची ठिकरी करतात, मणी दोऱ्यात ओवतात. आपल्यातल्या कितीतरी जणींनी हे केलेलं आहे.

खापराला आपण किंमत देत नाही. मडकं फुटलं की तुकडे उकिरड्यावर जातात. उलट, दोष द्यायचा असला की आपण दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडतो. पण गेल्या साठ-सत्तर वर्षांत शास्त्रज्ञांनी याच खापराला अणुभट्टीपर्यंत नेलं आणि विचारलं, ‘तुझी माती कुठली?’ खापरानं उत्तर दिलं. त्या उत्तरामुळं एका फार सुंदर भांड्याचं श्रेय आपल्याकडच्या कुंभारांच्या पदरात पडलं. आज तीच गोष्ट सांगतो.

ठिपक्यांची थाळी

पुदुच्चेरीजवळ, समुद्राच्या अगदी लगत अरिकामेडू नावाची जागा आहे. १९४५ साली तिथं मोठं उत्खनन झालं. ते केलं मॉर्टिमर व्हीलर यांनी. ते इंग्रज होते आणि त्या वेळी भारताच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते.

जमिनीखाली त्यांना दोन हजार वर्षांपूर्वीच्या बंदराच्या खुणा मिळाल्या. इटलीहून आलेली चकचकीत लाल भांडी मिळाली. काहींवर तर तिकडच्या कारागिरांचे शिक्के होते. दारू भरून आणायचे उंच, दोन कानांचे रांजण मिळाले. म्हणजे रोमन लोकांच्या राज्यातला माल इथवर येत होता, हे नक्की झालं.

याच्याबरोबर आणखी एका जातीची भांडी सापडली. करड्या-काळ्या रंगाची थाळी, सव्वा-दीड वीत रुंद. बूड सपाट, कड आत वळलेली. माती इतकी बारीक की खडा म्हणून लागायचा नाही. अंग पातळ आणि गुळगुळीत. थाळीच्या आत, बुडाशी, एकात एक गोल रेघा, आणि त्या रेघा बारीक बारीक ठिपक्यांच्या. चाक फिरत असताना ओल्या मातीवर दात्यांचं चाक किंवा लवचिक पातं टेकवलं की अशी नक्षी उठते. इंग्रजीत या भांड्यांना रूलेटेड वेअर म्हणतात. आपण तिला ठिपक्यांची थाळी म्हणू या.

ही थाळी कुणी केली असेल? व्हीलर यांनी असं मानलं की ठिपक्यांची ही रीत मूळची भारतातली नाही, ती भूमध्य समुद्राकडची आहे. त्यातली उत्तम भांडी तिकडून जहाजानं आली असावीत आणि ती बघून इथल्या कुंभारांनी जरा ओबडधोबड नक्कल केली असावी. पुढं कितीतरी वर्षं पुस्तकांमध्ये हेच चालत राहिलं.

मैत्रिणींनो, हा हिशेब कसा झाला बघा. भांडं सुबक असलं तर बाहेरचं, आणि ओबडधोबड असलं तर आपलं. आपल्या कामाचं असं माप निघतं तेव्हा कसं वाटतं, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. गोधडी नीट जमली की लोक विचारतात, ‘कुठून विकत आणली?’

१९८० च्या दशकात विमला बेगली या पुरातत्त्वज्ञ बाईंनी अरिकामेडूचे तुकडे पुन्हा तपासले. कुठला तुकडा कोणत्या थरात होता, भांड्याचा आकार कसा, ते कसं भाजलं आहे, हे सगळं त्यांनी नव्यानं मांडलं. त्या म्हणाल्या की ही थाळी इथली आहे आणि रोमन माल यायच्या आधीपासून ती तयार होत होती. १९८९ पासून त्यांनी अरिकामेडूला पुन्हा उत्खननही केलं.

पण नुसत्या आकारावरून आणि घडणीवरून वाद मिटत नाही. एक म्हणेल आपली, दुसरा म्हणेल त्यांची. मग साक्ष कुणाची काढायची? खुद्द मातीची.

काळ्या मसाल्याची ओळख

माती साक्ष कशी देते? त्यासाठी आधी आपल्या मसाल्याच्या डब्याकडे बघू.

काळा मसाला घराघरात होतो. मिरची, धणे, खोबरं तर सगळ्यांच्याच मसाल्यात असतं. तरी शेजारणीच्या घरची आमटी एका घासात ओळखू येते. का? कारण दगडफूल, नागकेशर, बाद्यान यांचं प्रमाण प्रत्येक घरी वेगळं. पायलीभर मसाल्यात ते चिमूट-दोन चिमूट पडतात, पण ओळख त्यांच्यावरून पटते.

मातीचंही तसंच आहे. सगळ्या मातीत वाळूचा अंश, ॲल्युमिनियम, लोखंड ही मिरची-धण्यासारखी मोठी मंडळी असतातच. त्यांच्यावरून गाव ओळखता येत नाही. पण त्याच मातीत काही धातू आणि मूलद्रव्यं अगदी कणभर असतात. स्कँडियम, कोबाल्ट, क्रोमियम, लँथनम, युरोपियम, थोरियम अशी त्यांची नावं. नावं लक्षात ठेवायची गरज नाही. एवढंच ध्यानात ठेवू या की ही मातीतली दगडफुलं आहेत. डोंगर कोणत्या खडकाचा, नदी कुठून गाळ आणते, यावर त्यांचं प्रमाण ठरतं. आपल्या काळ्या दगडाची माती आणि बंगालच्या गंगेकाठचा गाळ यांचा मसाला वेगळा असतो.

अडचण एकच, की ही प्रमाणं फार बारीक असतात. दहा क्विंटल ज्वारीच्या राशीत एक ग्रॅम, म्हणजे तीसेक दाणे वेगळ्या वाणाचे असावेत, इतकी बारीक. ते दाणे न निवडता मोजायचे कसे? इथं अणूचं विज्ञान कामाला आलं.

अणुभट्टीत काय होतं?

या युक्तीची सुरुवात १९३६ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात झाली. जॉर्ज द हेवेशी हे शास्त्रज्ञ आणि हिल्डे लेवी ही तरुण शास्त्रज्ञ बाई तिथं एकत्र काम करत होते. हिल्डे जर्मनीतल्या ज्यू घरातली. हिटलरच्या राज्यात तिला थारा नव्हता, म्हणून शिक्षण संपल्यावर ती देश सोडून कोपनहेगनला आली होती. पुढं १९४३ साली तिला तिथूनही स्वीडनला पळून जावं लागलं. या दोघांना असं दिसलं की काही पदार्थांवर न्यूट्रॉन नावाच्या कणांचा मारा केला की ते थोडा वेळ किरण सोडू लागतात. कोणता पदार्थ किती काळ किरण सोडतो हे मोजलं, तर तो पदार्थ कोणता आणि किती हे कळतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर अणुभट्ट्या उभ्या राहिल्या आणि न्यूट्रॉन भरपूर मिळू लागले. १९५० च्या दशकात रॉबर्ट ओपनहायमर यांनी अमेरिकेत पुरातत्त्ववाल्यांना आणि अणुशास्त्रज्ञांना एकत्र बसवलं आणि हे तंत्र जुन्या वस्तूंसाठी वापरून बघायला सुचवलं. हे तेच ओपनहायमर, ज्यांच्या देखरेखीखाली अणुबाँब तयार झाला होता. १९५७ साली ब्रुकहेवन इथल्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी भूमध्य समुद्राकडच्या खापरांचा पहिला अभ्यास छापला. त्याच सुमाराला, ऑगस्ट १९५६ मध्ये, मुंबईला तुर्भे इथं अप्सरा ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली होती.

आता तपासणी कशी होते ते पायरीपायरीनं बघू.

खापराचा वरचा थर आधी खरवडून टाकतात, कारण त्याला शेतातली माती, खत, हाताचा घाम लागलेला असतो. मग आतली चिमूटभर पूड काढतात. एका ग्रॅमचा दहावा हिस्सासुद्धा पुरतो. ती पूड छोट्या कुपीत बंद करून अणुभट्टीत ठेवतात. शेजारी दुसऱ्या कुपीत अशी पूड ठेवतात, जिच्यात काय किती आहे हे आधीच माहीत असतं. तराजूत एका पारड्यात वजन ठेवतो ना, तसंच हे.

भट्टीत न्यूट्रॉनचा पाऊस पडत असतो. मातीतले काही अणू एखादा न्यूट्रॉन गिळतात. गिळला की त्यांना स्वस्थ बसवत नाही. ते किरण सोडत सोडत शांत होतात. यांना गॅमा किरण म्हणतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या किरणाची ताकद ठरलेली असते. दारावरच्या थापेवरून कोण आलं ते ओळखावं, तसं किरणाच्या ताकदीवरून यंत्र सांगतं की हा कोबाल्ट, हा लँथनम. थापा जितक्या जास्त, तितका तो पदार्थ जास्त.

शांत व्हायचा वेळही प्रत्येकाचा वेगळा. सोडियमचे किरण पंधरा तासांत निम्म्यावर येतात. स्कँडियमला त्यासाठी चौऱ्याऐंशी दिवस लागतात, कोबाल्टला पाच वर्षांहून जास्त. म्हणून तीच कुपी काही दिवसांनी मोजतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजतात. सुरुवातीला मोठ्यानं बोलणारे गप्प झाले की मागच्यांचा आवाज ऐकू येतो. अशा तऱ्हेनं एका चिमटीतून तीसेक मूलद्रव्यांचा हिशेब लागतो.

तुम्ही म्हणाल, हे धोक्याचं नाही का? जी चिमूट भट्टीत गेली, तिच्यातून पुढं काही काळ किरण निघत राहतात, म्हणून ती प्रयोगशाळेत नियमानं जपून ठेवतात. मूळ खापर भट्टीत जातच नाही, त्याला काही होत नाही. आणि पांढरीत सापडलेल्या खापराला हात लावण्यात अणूच्या किरणांचा काही धोका नाही.

बालीपर्यंत गेलेली थाळी

आता परत ठिपक्यांच्या थाळीकडे येऊ.

इंडोनेशियात बाली नावाचं बेट आहे. तिथल्या सेंबिरन या किनाऱ्याजवळच्या गावात १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथलेच पुरातत्त्वज्ञ इ वायन आर्दिका यांनी उत्खनन केलं. खोल थरांत त्यांना ठिपक्यांच्या थाळीचे तुकडे मिळाले. भारताच्या किनाऱ्यापासून हजारो किलोमीटरवर!

आर्दिका आणि त्यांचे सहकारी पीटर बेलवुड यांनी या तुकड्यांची न्यूट्रॉननं आणि क्ष-किरणांनीही तपासणी करवली. सेंबिरनच्या तुकड्यांशेजारी अरिकामेडूचे आणि श्रीलंकेतल्या अनुराधापूरचे तुकडे ठेवले. १९९१ आणि १९९३ साली त्यांनी जे छापलं त्याचा अर्थ असा की तिन्ही ठिकाणच्या चांगल्या थाळ्यांचा ‘मसाला’ एकसारखा आहे. सापडल्या तीन देशांत, पण माती एकाच परिसरातली.

तो परिसर कोणता? पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले विश्वास गोगटे यांनी वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे आणि माती क्ष-किरणांनी तपासली. १९९७ साली त्यांनी बंगालकडे बोट दाखवलं. कोलकात्याजवळचं चंद्रकेतुगड आणि ताम्रलिप्ती म्हणजे आजचं तमलुक, हा तो भाग. काही अभ्यासकांना ही जागा पटते, काहींना नाही. ठिपक्यांची कल्पना कुणाकडून आली, यावरही वाद आहे. पण ही थाळी आपल्याच उपखंडातल्या कुंभारांनी केली, हे आज अभ्यासक मानतात. सुबक थाळी बाहेरची आणि ओबडधोबड तेवढी आपली, हा जुना हिशेब चुकला होता.

आपल्या महाराष्ट्रातही नेवासे आणि तेर इथं या थाळीचे तुकडे मिळाल्याची नोंद आहे. म्हणजे गंगेकाठच्या असोत की आणखी कुठल्या पूर्व किनाऱ्याच्या, या थाळ्या गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत येत होत्या. इतका लांबचा प्रवास करून कुणी साधं भांडं आणत नाही. ती थाळी कुणीतरी हौसेनं घेतली असणार, जपली असणार.

काचेचा मणी काय सांगतो?

आता मण्यांकडे वळू. काच म्हणजे वितळवलेली वाळू. नुसती वाळू वितळायला फार मोठी आच लागते, म्हणून तिच्यात खार मिसळतात. रंगासाठी थोडं तांबं, लोखंड किंवा कोबाल्ट. कोबाल्ट कणभर पडलं तरी काच गर्द निळी होते.

काच तपासताना न्यूट्रॉनची पद्धत अपुरी पडते. काचेतलं शिसं तिला नीट मोजता येत नाही. शिवाय मणी एवढासा, त्यातून पूड कशी काढणार? म्हणून दुसऱ्या रीती निघाल्या. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या तळघरात एक यंत्र आहे. ते प्रोटॉन नावाच्या कणांची बारीक धार वस्तूवर सोडतं आणि उलट येणाऱ्या किरणांवरून घटक ओळखतं. मण्याचा टवकासुद्धा काढावा लागत नाही. आणखी एका रीतीत लेसरच्या झोतानं डोळ्यांना दिसणार नाही इतका लहान कण उडवतात आणि त्यातले अणू वजनावरून मोजतात.

या लेसरच्या रीतीनं आपल्या कोकणातली एक गोष्ट पुढं आली. रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ चौल हे जुनं बंदर आहे. तिथल्या मण्यांचा आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, केनियात मिळालेल्या मण्यांचा एकत्र अभ्यास लॉर द्युसुबियो या बाईंनी केला. सोबत विश्वास गोगटे आणि इतर होते. २००८ साली तो छापला गेला. भारतातल्या जुन्या काचेत ॲल्युमिनियम जास्त असतं, हे आधीपासून माहीत होतं, कारण इथली वाळू तशी आहे. पण या मण्यांत युरेनियमचं प्रमाणही इतर भारतीय काचेपेक्षा जास्त निघालं आणि बेरियमचं कमी. घाबरू नका, हे युरेनियम वाळूबरोबर निसर्गतःच आलेलं आणि अगदी कणभर असतं. पण ओळख पटवायला तेवढं पुरलं. चौलला आणि केनियाला एकाच जातीची काच होती. मध्ययुगात आपल्या किनाऱ्यावरून गेलेले मणी समुद्रापलीकडच्या बायकांच्या गळ्यात होते.

जे यंत्र सांगत नाही

या तपासणीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. कुंभार माती जशीच्या तशी वापरत नाही. ती भिजवतात, गाळतात, तिच्यात राख, लीद, वाळू मिसळतात. त्यामुळं भांड्याचा मसाला आणि नदीकाठच्या मातीचा मसाला तंतोतंत जुळत नाही. म्हणून एका खापरावरून निकाल देत नाहीत. पुष्कळ तुकडे तपासून त्यांचे गट पाडतात आणि जिथली भांडी नक्की माहीत आहेत त्यांच्याशी ताडून बघतात.

पण या मर्यादेतच आम्हाला एक मोठी गोष्ट दिसते. आपल्याकडं कुंभाराच्या घरात चाकावर बहुधा पुरुष बसतो. माती फोडणं, चाळणं, खडे वेचणं, राख-लीद कालवणं, तुडवणं ही कामं घरातल्या बायका करतात. विकताना नाव कुंभाराचं होतं, माती कालवणारीचं होत नाही. यंत्र जे मोजतं, ते मात्र नेमकं हेच कालवणं असतं. दोन हजार वर्षांपूर्वी ते हात कुणाचे होते, बाईचे की पुरुषाचे, हे कोणतंही यंत्र सांगू शकत नाही. पण माती निवडून ती इतकी बारीक करणारं कुणीतरी होतं आणि त्याच्या कामाची खूण अजून पुसलेली नाही, एवढं ते नक्की सांगतं.

यंत्र आणखी एक गोष्ट सांगू शकत नाही. तुकडा कुठं सापडला, हे त्याला कळत नाही. ते आपण सांगायचं असतं. आर्दिकांचे तुकडे बालीच्या कोणत्या थरात मिळाले हे लिहून ठेवलं होतं, म्हणून तपासणीला अर्थ आला. तोच तुकडा बाजारातून आला असता तर काहीच सिद्ध झालं नसतं.

तेरचं उदाहरण घ्या. धाराशिव जिल्ह्यातल्या या गावात रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गावच्या मातीत सापडणाऱ्या वस्तू गोळा करून जपल्या. आज तिथं त्यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय उभं आहे. एका गावकऱ्यानं मनावर घेतलं, म्हणून तेरच्या वस्तू तेरमध्येच राहिल्या.

तेव्हा मैत्रिणींनो, आपल्या पांढरीत काही दिसलं तर एवढं करू या. मुद्दाम खणायचं नाही. खणलं की थर मोडतात आणि ते परत लावता येत नाहीत. पांढरीची माती भरून नेणारे ट्रॅक्टर दिसले तर ग्रामसभेत विषय काढायचा. वस्तू दिसली तर कोणत्या शेतात, कोणत्या दिशेला, कधी, हे वहीत लिहायचं आणि जमलं तर मोबाईलवर फोटो काढायचा. भंगारवाल्याला किंवा मणी विकत घेत फिरणाऱ्याला द्यायचं नाही. शाळेतल्या गुरुजींना, बाईंना दाखवायचं, तहसील कार्यालयात किंवा पुरातत्त्व विभागाला कळवायचं. नाणी, दागिने असं काही निघालं तर ते कळवणं कायद्यानंही बंधनकारक आहे. हा कायदा १८७८ सालापासून आहे.

आणि पुढच्या बैठकीला येताना एक काम करा. आपल्या गावात माती कालवणारी, बांगड्या भरणारी, मणी ओवणारी जी वयस्कर बाई असेल, तिला विचारा की माती कुठून आणायचे, काय किती मिसळायचे, आणि तिला ते कुणी शिकवलं. तिच्या नावासकट वहीत लिहून आणा. आपण ते इथं सगळ्यांना वाचून दाखवू.

भेटू या पुढच्या आठवड्यात. नमस्कार.